दप्तर आहे, दाखला नाही

सुटा भाग वेळेत पोहोचला नाही तर चाकणमधली लाइन थांबते. मूल वेळेत शाळेत पोहोचले नाही तर या पट्ट्यात कुणाचेच काही अडत नाही. शाळा उघडायला थोडे दिवस उरले असताना धोक्याची घंटा वाजवायची, ती यासाठी.

चाकणच्या वाहन कारखान्यांत सुट्या भागांचा मोठा साठा कोणी करून ठेवत नाही. कुठला भाग कुठल्या गेटवर किती वाजता हवा, याचा हिशेब आदल्या दिवशीच झालेला असतो. नाशिक महामार्गावर तळेगाव चौकात ट्रक अडकला की पुरवठादाराचा फोन खणखणू लागतो. माणसेही अशाच हिशेबाने मागवली जातात. सोमवारपासून चाळीस पोरे लागतील, असा निरोप कंत्राटदाराला जातो आणि चाळीस पोरे येतात. इथे ‘पोरे’ म्हणजे कामगार. या पोरांची पोरे किती, ती कधी येणार, कितवीत बसणार, हा प्रश्न त्या निरोपात नसतो. तो कुणाच्याच निरोपात नसतो.

जूनच्या मध्यावर राज्यातील शाळा उघडतील. विदर्भातल्या थोड्या उशिरा, बाकीच्या पंधरा तारखेच्या आगेमागे. दारात रांगोळी, चौकटीला तोरण, पहिलीच्या मुलांच्या हाती फूल आणि कोरे पुस्तक, एखाद्या लोकप्रतिनिधीचे भाषण. या प्रवेशोत्सवाला आमची हरकत नाही. पहिल्या दिवशी मुलाचे कोणी फूल देऊन स्वागत करत असेल तर ते चांगलेच आहे. हरकत आहे ती त्या दिवशी वर्गात नसलेल्यांची कुणालाच गंधवार्ता नसते याला. गैरहजेरी लागायची तर आधी पटावर नाव असावे लागते. भोसरीच्या बालाजीनगरात, चिखली-कुदळवाडीच्या पत्र्याच्या खोल्यांत, मोशी-चऱ्होलीच्या बांधकामांवर, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीच्या चाळींत अशी मुले राहतात, ज्यांची गैरहजेरीसुद्धा लागत नाही. त्यांतली काही जुलैत शाळेत येतात, काही ऑगस्टात, काही येतच नाहीत.

आईबापांना पर्वा नाही, असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करण्याची पद्धत आहे. ज्यांना तसे वाटते त्यांनी सध्या पिंपरी कॅम्पात एखादी संध्याकाळ काढावी. दुकानांबाहेर दप्तरांच्या माळा लटकलेल्या आहेत, रेनकोटांचे ढीग लागले आहेत आणि फर्स्ट शिफ्ट संपवून थेट आलेले बाप पोराच्या पाठीवर दप्तर लावून बघत आहेत. स्वतःचे सेफ्टी शूज तळ झिजेपर्यंत वापरणारा माणूस मुलाच्या बुटांना मात्र घासाघीस करत नाही. खरेदीत कुटुंब कमी पडत नाही. पण शाळेची तयारी म्हणजे दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली, एवढाच अर्थ आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवला आहे. खरी तयारी वेगळीच आहे. मुलाचे नाव पटावर हवे, शाळेपर्यंतचा रस्ता धड हवा, धाकट्या भावंडाजवळ घरी कोणीतरी हवे आणि वर्षभर पुरेल इतका पैसा हवा. यातली एकही गोष्ट पिंपरी कॅम्पात मिळत नाही. एकट्या आईबापांच्या हातात तर एकही नाही.

हे शहर बाहेरून आलेल्यांनीच वसवले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. त्या काळी आलेला कामगार साताऱ्याचा असो वा सोलापूरचा, एकदा कायम झाला की त्याच्या संसाराला चौकट मिळे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या एच. ए. कॉलनीत घर होते तशी शाळाही होती. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे पेठा आखल्या, त्यांत घरांबरोबर शाळांच्याही जागा होत्या. बाप कंपनीच्या बसने जाई, मूल पायी शाळेत जाई, आणि दहावीपर्यंत दोघांचाही पत्ता बदलत नसे. आज याच शहरात मोठ्या हुद्द्यांवर बसलेली कितीतरी माणसे त्या स्थिर पत्त्यावर शिकून मोठी झाली.

पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून उत्तरेला गेले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. बजाज, महिंद्र, मर्सिडीज अशी नावे तिथे एकामागून एक लागली. कारखाना मोठा झाला, पण आत काम करणाऱ्याचा करार आखूड झाला. सलग २४० दिवस भरले तर कायमपणाचा हक्क मागता येईल, या धास्तीने सहा-सात महिन्यांत कामगाराला ‘ब्रेक’ मिळतो. ब्रेक मिळाला की खोली सुटते. चाकणमधला माणूस रांजणगावला जातो, रांजणगावचा तळेगावला, काही जण गावाकडे परततात. महाराष्ट्रातल्या शाळेचे वर्ष साधारण दहा महिन्यांचे आणि बापाची नोकरी सात महिन्यांची. ही वजाबाकी मुलाच्या वाट्याला येते. त्यात मराठवाडा, खानदेश, बुलढाणा-वाशिमकडची कुटुंबे मे महिन्यात लग्नकार्याला आणि पेरणीला गावी जातात. पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की परतणे लांबते. शाळा मात्र ठरल्या तारखेलाच उघडते.

कायदा या बाबतीत मुळीच मुका नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे पाचवे कलम सांगते की मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यावा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू होऊन गेले म्हणूनही नाकारता येत नाही. नववे कलम तर आणखी स्पष्ट आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे, हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. आईबापाने शाळा शोधत फिरावे, असे कायद्यात कुठेही नाही. शाळेने मूल शोधावे, असे आहे.

प्रत्यक्षात काय होते? परभणीकडचे एक कुटुंब महाळुंग्याला येते असे समजा. बाप कंपनीत, आई पॅकिंगच्या शेडमध्ये, मुलगी तिसरीत. दोघांनाही रविवार सोडून सुटी नाही आणि रविवारी शाळा बंद. एक दिवसाचा पगार बुडवून आई शाळेत जाते. ‘एलसी आणा,’ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणा, असे ऐकून परत येते. गावच्या शाळेत फोन लागतो, तिथले गुरुजी म्हणतात, ‘नव्या शाळेला ऑनलाइन मागणी टाकायला सांगा.’ नवी शाळा म्हणते, ‘आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव जुळत नाही.’ आधार केंद्रावर रांग असते, तिथे आणखी एक दिवस बुडतो. तोवर जुन्या शाळेने मुलीला पटावरून कमी केलेले असते आणि संगणकाच्या लेखी ती ‘ड्रॉपबॉक्स’ नावाच्या कप्प्यात पडून राहते. तिचे दप्तर खोलीतल्या खिळ्याला टांगलेले असते, त्यातल्या वह्यांवर तिने नाव आणि इयत्ताही घातलेली असते. ती तिसरी नेमकी कुठल्या शाळेची, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. यात कुणी दुष्ट नाही. मुख्याध्यापकही नाही, गुरुजीही नाहीत. प्रत्येकाने आपापला रकाना नीट भरला आणि मूल दोन रकान्यांच्या मधून निसटले.

या निसटण्याची किंमत फक्त ते मूल मोजत नाही. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यातही ज्यांचे आधार जुळले तीच मुले धरली जातात. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, असे कायद्याचे प्रमाण आहे. आता हिशेब करून पाहा. औद्योगिक पट्ट्यातल्या शाळेत मुले वर्षभर येत-जात राहतात, आधारच्या चुकाही इथेच जास्त. म्हणजे ज्या शाळेला शिक्षकांची सर्वाधिक गरज, तिचीच मोजदाद सर्वांत तोकडी. मग एका वर्गात पन्नास-साठ मुले कोंबली जातात. नव्याने आलेल्या मुलाला कुठपर्यंत वाचता येते हे पाहायला बाईंना सवड मिळत नाही. महिनाभरात ते मूल मागच्या बाकावर जाते आणि दिवाळीनंतर यायचे बंद होते. आपण त्याला ‘गळती’ म्हणतो. गळती नळाची असते, तो नादुरुस्त असतो म्हणून. इथे तर नळ सोडूनच ठेवला आहे.

खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांचे तरी काय? आर्थिक दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. चाकणमध्ये नवराबायको दोघे राबत असतील तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि खोलीभाडे वजा केल्यावर हातात काय उरते हे तो दाखला विचारत नाही. उत्पन्नात बसले तरी भाडेकरार नोंदणीकृत हवा, तोही किमान अकरा महिन्यांचा. गुंठेवारीच्या जागेवर चाळीस खोल्या बांधलेला मालक एका खोलीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा द्यायला जाईल, अशी कल्पना करणाऱ्याने ती चाळ पाहिलेली नसावी. भरीस भर म्हणून शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के प्रवेशातून सूट देऊन टाकली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. तोवर शाळा उघडून महिना उलटला होता. न्याय मिळाला खरा, पण पहिलीच्या मुलांचा पहिला महिना त्या खटल्याच्या खर्ची पडला.

आता रस्ता. तळेगाव चौक, आंबेठाण चौक, मोशी, भोसरी, तळवडे ही नावे मराठी वृत्तपत्रांत वाहतूक कोंडीच्या बातम्यांतच जास्त येतात. मोठ्यांसाठी कोंडी म्हणजे उशीर आणि चिडचिड. सात वर्षांच्या मुलासाठी ती वेगळीच गोष्ट आहे. कंटेनरच्या चाकाएवढी उंची, पाठीवर दप्तर, हातात छत्री, पदपथ नाहीच आणि कडेचे गटार पावसाच्या पाण्याखाली गेलेले. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, गाडीचे योग्यता प्रमाणपत्र चालू असावे, मुलांना सांभाळायला मदतनीस असावा, असे ती सांगते. ज्या रिक्षात आणि व्हॅनमध्ये कामगाराचे मूल प्रत्यक्षात जाते, तिथे हे नियम पोहोचतात का, हे पाहायला जूनमध्ये कोणत्याही शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहणे पुरेसे आहे. व्हॅनवाले काका वाईट नसतात, त्यांनाही हप्ता फेडायचा असतो. पण आठांच्या जागी चौदा मुले बसवली की काकांच्या चांगुलपणावर ब्रेक लागत नाहीत.

पावसाळ्याचा इशारा तर आधीच मिळाला होता. १५ जून २०२५ चा रविवार. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळा उघडायच्या होत्या. मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पुलावरची गर्दी पर्यटकांची होती, म्हणून चर्चाही पर्यटनाचीच झाली. शाळेच्या वाटेवर असे किती साकव, किती ओढे आणि किती उघडी चेंबर आहेत, याची यादी मात्र त्यानंतरही कुणी फलकावर लावल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्यातच जून-जुलैत देहू-आळंदीहून पालख्या निघतात. आकुर्डीला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, रस्ते वळवले जातात, काही शाळा वारकऱ्यांच्या निवाऱ्याला दिल्या जातात. वारीचे वेळापत्रक प्रशासन महिनाभर आधी चोख आखते. त्याच महिन्यात त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्या मुलांचे वेळापत्रकही त्याच बैठकीत ठेवायला काय हरकत आहे?

तिसरी अडचण खोलीच्या आत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ठरवले की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पूर्ण व्हावी, हा हेतू चांगलाच. पण फर्स्ट शिफ्टचा बाप पहाटेच बाहेर पडतो, आई आठला शेडमध्ये हजर असते. नऊ वाजता त्या मुलाला शाळेत सोडणार कोण? आणि दुपारी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत ते जाणार कुठे? खोलीत आठ-दहा वर्षांची थोरली बहीण असेल तर उत्तर ठरलेले असते: ती घरी राहते. धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, त्याला शाळेत पोहोचवते आणि स्वतः दारातून परत फिरते. एका भावंडाचे शिक्षण दुसऱ्याच्या शिक्षणातून वजा होते आणि वजा होणारी बहुधा मुलगीच असते. पाळणाघराची तरतूद कामगार कायद्यांत जुनीच आहे, पण ती कारखान्यातील संख्येवर बेतलेली. दहा बायकांच्या पॅकिंग शेडला किंवा सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या आईला तिचा उपयोग नाही. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. ज्या जिल्ह्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, तिथे आजही एखादी मुलगी शाळेच्या दाराशी भावाचे बोट सोडून मागे वळते. यासाठी आता कुणी शेण फेकत नाही. कुणाचे तिच्याकडे लक्षच नसते.

उरला पैसा. शिक्षण मोफत, पुस्तके मोफत, गणवेश मोफत हे खरे. पण मोफत वस्तू वेळेवर यावी लागते. २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली, कापड एका ठिकाणाहून घ्यायचे आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरवले. पावसाळा सरत आला तरी अनेक शाळांत गणवेशाचा पत्ता नव्हता. अखेर त्याच वर्षी डिसेंबरात हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. मापे गावातल्या शिंप्याने घ्यावीत की मंत्रालयाने, याचा निकाल लागायला अर्धे शैक्षणिक वर्ष गेले. दुसरीकडे, सरकारी शाळेत जागा नाही किंवा विश्वास नाही म्हणून कामगार कुटुंब दोन मजली घरात भरणाऱ्या ‘इंग्लिश मीडियम’कडे वळते. फीसाठी मायक्रोफायनान्सचा हप्ता डोक्यावर घेते. आणि जूनमध्ये कळते की ती शाळा अनधिकृत आहे. अनधिकृत शाळांच्या याद्या दरवर्षी जाहीर होतात. कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही शाळा चालू राहिली तर दिवसाला दहा हजार, अशी तरतूद आहे. पण यादी प्रवेश होऊन गेल्यावर आली तर तिचा उपयोग पालकांना काय? चोर पळून गेल्यावर वाजवलेली ती शिट्टी असते.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचीही अशीच गंमत आहे. नोंदीत कामगाराच्या पहिली ते सातवीतल्या मुलांना मंडळ वर्षाला २,५०० रुपये शैक्षणिक सहाय्य देते. अट ७५ टक्के हजेरीची. ज्या मुलाचे नावच ऑगस्टात पटावर आले, ते ही हजेरी कुठून आणणार? ज्याचे जास्त फिरणे, त्याला जास्त मदत हवी. इथे फिरणे हाच अपात्रतेचा पुरावा ठरतो.

हे सारे अटळ असते तर अग्रलेख लिहिण्याऐवजी आम्ही हळहळ व्यक्त करून थांबलो असतो. तसे नाही. मार्ग माहीत आहे आणि तो याच जिल्ह्यात चालून दाखवलेला आहे. डोअर स्टेप स्कूल ही १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था पुण्यात अनेक वर्षे बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करते आहे. २०११ मध्ये तिने सामान्य नागरिकांना हाताशी धरून बांधकामांवर राहणाऱ्या मुलांची मोजदाद करण्याची मोहीम काढली. आधी मोजणे, मग मुलांना शाळेपर्यंत नेणे-आणणे, मग शिकवणे, असा तिचा क्रम. शासनाच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात २०२२ पासून एप्रिल आणि जूनमध्ये मेळावे होतात. पहिलीत येणारे मूल रंग ओळखते का, उड्या मारते का, पाचपर्यंत मोजते का, हे खेळाखेळात पाहिले जाते आणि आयांचे गट करून सुटीत घरी काय करून घ्यायचे हे सांगितले जाते. वाटाणे मोजायला सांगा, चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावा, इतके साधे. याला दप्तराएवढाही खर्च येत नाही. पण हे मेळावे शाळेच्या आवारात आणि कामाच्या दिवशी भरतात. ते चाळीच्या अंगणात रविवारी संध्याकाळी भरले तर पॅकिंगवाली आईही येईल.

आणि खेड तालुक्यातलेच जालिंदरनगर. कारखान्यांच्या या पट्ट्यापासून काही कोसांवरची जिल्हा परिषदेची शाळा. पट आटून बंद पडायच्या बेतात आलेली ही शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी उभी केली, आणि २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत तिने लोकपसंतीचा मान मिळवला. अभिमानाची गोष्ट आहेच. पण तिच्यापुढे टाळ्या वाजवून घरी जाणे सोपे आहे. तिथे गाव शाळेमागे उभे राहिले, कारण गाव होते. महाळुंगे-निघोज्याच्या चाळींतल्या मुलांमागे उभे राहायला गाव नाही. खोल्या आहेत, मालक आहेत, कंत्राटदार आहेत. म्हणून तिथे गावाची जागा प्रशासनाने आणि उद्योगांनी घ्यायला हवी.

अडचण अशी, की या पट्ट्याला एक मालक नाही. रस्ते आणि भूखंड एमआयडीसीचे, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए), दाखले ग्रामपंचायतीचे, गावातली शाळा जिल्हा परिषदेची. इंद्रायणी ओलांडली की सारे महापालिकेचे. मूल दिवसातून दोनदा ही हद्द ओलांडते, त्याची फाइल वर्षभरात एकदाही ओलांडत नाही. पण एक यंत्रणा अशी आहे जिला ही हद्द अडवत नाही: पोलीस. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय भोसरीपासून चाकण-आळंदी-तळेगावपर्यंत आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी, असा दंडक घरमालकांवर आहेच. त्या अर्जात एक ओळ वाढवा: खोलीत सहा ते चौदा वयाची मुले किती आणि ती कुठल्या शाळेत जातात. ही ओळ दर आठवड्याला गटशिक्षणाधिकारी आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाऊ द्या. चोर शोधायला चालणारी नोंद विद्यार्थी शोधायला का चालू नये?

कंत्राटदाराकडूनही हेच मागायला हवे. तो कामगाराचा आधार घेतो, बँक खाते घेतो, छायाचित्र घेतो. मुलांची नावे घ्यायला त्याला दोन मिनिटे लागतील. मोठ्या कंपन्यांनी आपल्या कंत्राटात ही अट घालावी. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले आहेत. त्यातून शाळांच्या भिंती रंगवून झाल्या, संगणक देऊन झाले. आता थोडे चाळीजवळच्या पाळणाघरावर, शाळेआधी आणि शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या वर्गांवर आणि शाळेच्या बसवर खर्च होऊ द्या. भिंतीवरच्या चित्राचा फोटो चांगला येतो, पाळणाघराचा तितका येत नाही, हे मान्य. शाळांनी आधी नाव घालावे, कागद मागाहून घ्यावेत. कायदाच तसे सांगतो. ज्या मुलाचे दोन-चार महिने बुडाले त्याच्यासाठी प्रत्येक मोठ्या शाळेत जून ते सप्टेंबर सेतू वर्ग चालवणारा एक जादा शिक्षक हवा. आणि अनधिकृत शाळांची यादी एप्रिलमध्ये, प्रवेशाआधी, चाळीचाळीत लावलेली हवी.

पालकांनाही दोन शब्द. गावी जाताना मुलाचा दाखला नाही तरी निदान गुणपत्रक, आधार आणि शाळेचा क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पेरणीसाठी थांबायचेच असेल तर एकाने थांबावे, मुलांना घेऊन दुसऱ्याने परत यावे. कोणी ‘एलसीशिवाय प्रवेश नाही’ म्हटले तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळ नियम एकाएकी मवाळ होतात. व्हॅनमध्ये किती मुले आहेत हे पहिल्याच दिवशी मोजा. आणि थोरलीला घरी ठेवण्याचा विचार मनात आला तर शेजारच्या दोन खोल्यांशी आधी बोला. तीन घरांनी मिळून एका आजीबाईला चार पैसे दिले तर तीन मुली शाळेत जातील.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आज कर्तव्य पालकाकडून शासनाकडे आले आहे. दंडाची दिशाही तशीच बदलायला हवी. पैशाचा नसला तरी चालेल. जाहीर हिशेबाचा दंड पुरेसा होईल. शासन ३० सप्टेंबरचा पट मागते, कारण त्यावर शिक्षकांची पदे ठरतात. आम्ही १ जुलैचा पट मागतो. पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे जिल्हा परिषद यांनी या पट्ट्यातील प्रत्येक शाळेचे दोन आकडे फाटकावर लावावेत: परिसरातील चाळींत आणि बांधकामांवर मोजलेली मुले किती आणि १ जुलैला वर्गात बसलेली किती. दोन्ही आकडे सारखे असतील तर प्रवेशोत्सवाचे तोरण खुशाल महिनाभर ठेवावे. सारखे नसतील तर त्यांतला फरक म्हणजे कुठल्या तरी खोलीत खिळ्याला टांगलेली तितकी दप्तरे आहेत, हे फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला रोज वाचावे लागेल.